झाकून ठेवलेलं ताट

ताई, तुला बाहेर आणलं तेव्हा अंगणातल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "झोपेतच गेली गं. भाग्यवान. कुनाला तरास दिला नाय." मी ओट्याचा खांब धरून उभी होते. एकेकीच्या दंडाला धरून विचारावंसं वाटलं, कुठली झोप? कुणी पाहिली होती ती झोप? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आपण जावाजावा, तुझी आणि माझी खोली भिंतीला भिंत लागून. तू सलग झोपलीस अशी एक रात्र मला आठवत नाही. आणि ज्या पहाटे गजर वाजत राहिला नि तू उठली नाहीस, तेवढीच एक झोप लोकांना दिसली.

त्या गजरावर मी चिडले होते, तेही सांगून टाकते. भावोजींची पहिली पाळी सुरू झाली होती, म्हणजे पहाटे चारला तुझा डबा सुरू. मी भिंतीपलीकडून ओरडले, "ताई, बंद कर गं तो मेला गजर!" एरवी तू पहिल्या आवाजाला हात मारून तो गप्प करायचीस, आमची झोपमोड नको म्हणून. त्या दिवशी तो थांबायचा आणि परत वाजायचा. भावोजी शेजारीच झोपले होते, पण गजराला उठायची त्यांना सवयच नव्हती. त्यांना तू चहाचा कप घेऊन उठवायचीस. शेवटी मीच तणतणत आले, तुला दोन शब्द सुनवायला. ते दोन शब्द अजून माझ्या तोंडात आहेत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी मास्तरीण, मला कारण लागतं. "कशानं?" म्हणून मी त्यांच्या मागेच लागले. ते म्हणाले, असं एका गोष्टीवर बोट नाही ठेवता येत. प्रेशर होतं, शुगर होती, झोप नव्हती, जेवणाला वेळ नव्हता. सगळं वर्षानुवर्षं साचत जातं. एवढं बोलून ते गाडीत बसले. मला मात्र बोट ठेवायला जागा हवी होती, ताई. अजून हवी आहे.

आपल्या घरात घड्याळ होतं ते नावाला. घर चालायचं भावोजींच्या पाळीवर. रसायनीच्या कारखान्यात आठवड्याआठवड्याला पाळी बदलते, कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. त्यांची पाळी बदलली की तुझीही बदलायची. त्यांना रात्रपाळीचा भत्ता तरी मिळायचा. दुपारच्या पाळीला कंपनीची बस त्यांना हायवेच्या फाट्यावर सोडायची, तिथून ते चालत घरी येईपर्यंत बारा वाजायचे. तोवर तू उपाशी. ताटावर ताट झाकून, भिंतीला टेकून, डोळे ताणत बसलेली. मग दोघं मिळून भात, भाकरी, वालाचं बिरडं, कधी सुकट, असं रीतसर जेवायचात आणि भांडी विसळली की लगेच आडवी व्हायचात. माझ्या खोलीत मला तुझे ढेकर ऐकू यायचे, उठून बसलेली ऐकू यायचीस, छातीत जळजळतंय म्हणून पाणी पितानाची भांडी ऐकू यायची.

"माणूस घरी आल्याबिगर बाईनं जेवायचं नसतं, मास्तरीणबाय," असं तू म्हणायचीस. "सासूबायनी घालून दिलेली रीत हाय." अगं, सासूबाईंची रीत मीही पाहिली होती थोडीफार! सासरे भातशेतीचे. अंधार पडायच्या आत माणूस घरी, पाय धुऊन पाटावर. सासूबाई त्यांच्या मागोमाग दिवेलागणीला जेवायच्या आणि नऊच्या आत घोरायच्या. त्यांनी काय उपास काढले? रीत तीच राहिली, माणूस मात्र मध्यरात्री घरी यायला लागला, आणि तू ती रीत ओढून ओढून मध्यरात्रीपर्यंत नेलीस. हे मी तुला इतक्यांदा समजावलं की तू माझ्या सुरात माझंच भाषण म्हणून दाखवायचीस, कमरेवर हात ठेवून, माझ्या घाटावरच्या बोलीत. मला राग यायचा आणि हसूही फुटायचं.

पुढे महेश कुंभिवलीच्या गोडाऊनला लागला. तुझा एकुलता एक, त्यालाही पाळी. मग तर काय विचारतेस! भावोजी सकाळच्या पाळीला असले, संध्याकाळी घरात असले, तरी पोरगा बाहेर. "पोराला टाकून कसं गिळू?" लग्न झालं त्याचं, सून आली, तरी तू थांबायचीसच. या घरातलं एक माणूस कायम रस्त्यावर असायचं आणि तुझा घास त्याच्या मागे अडकलेला.

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे आपण दोघी गेलो होतो ते आठवतं? माझी शुगर निघालेली, तुझी तपासायची म्हणून तुला फरफटत नेली होती. तुझी माझ्यापेक्षा जास्त निघाली, वर प्रेशर. त्या पोरीनं, पोरगीच गं ती, किती गोड समजावलं दोघींना. रात्रीचं जेवण आठच्या आत. जेवण आणि झोप यात दोनतीन तास जाऊ द्या. झोपायची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टी असो नसो. उशिरा जेवून लगेच झोपलं की रक्तातली साखर रात्रभर वर राहते. आणि गाढ झोपेत प्रेशर खाली येतं, हृदयाला तेवढीच काय ती विश्रांती. झोप तुकड्यातुकड्यानं घेतली तर तीही बुडते. तू इतक्या भक्तिभावानं मान हलवत होतीस की मला वाटलं, सुटलो एकदाचे.

बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि तू मला म्हणालीस, "ऐकलंस ना? आठच्या आत जेवायचं. तुझी शुगर हाय."

"आणि तुझी?"

"माझी काय गं, थोडीशी."

"माझ्याहून जास्त आहे!"

"तू एकटी हायस. तुला कोन बघनार? माझं बघायला सगळे हायत."

त्या दिवसापासून तू डॉक्टरीणबाईंचं सगळं म्हणणं अक्षरशः पाळलंस. माझ्यावर. आठ वाजले की माझं ताट. शाळेची कामं काढून बसले तर पेन हातातून काढून घ्यायचीस. तव्यावरची गरम भाकरी ताटात टाकून समोर बसायचीस, मी दुसरा घास घेईपर्यंत हलायची नाहीस. भात मोजका, दोन वेळा मागितला तर डोळे वटारायचीस. जेवल्यावर अंगणात फेऱ्या मारायला लावायचीस आणि स्वतः पायरीवर बसून गावातल्या गप्पा सांगायचीस. दहाला माझा मोबाईल उचलून देव्हाऱ्याच्या फळीवर. माझी शुगर उतरली, ताई. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली. मी ती शाबासकी घेतली, आणि शेजारी तू उपाशीपोटी हसत होतीस.

आमचे हे गेले तेव्हाही माझी झोप तूच परत आणलीस, ते कसं विसरू? महिनोनमहिने डोळ्याला डोळा लागत नव्हता. तू वाटीत खोबरेल कोमट करून आणायचीस, माझे तळपाय मांडीवर घ्यायचीस आणि चोळत राहायचीस. बोलायचं नाही, रडलं तर रडू द्यायचं. "लाग डोळा लाग," असं लहान पोराला म्हणावं तसं पुटपुटायचीस. मला झोप लागली की हळूच पाय खाली ठेवून उठायचीस आणि स्वयंपाकघरात जाऊन भावोजींची वाट बघत बसायचीस. मी जागी असायचे कधीकधी. दार लोटल्याचा आवाज यायचा. तुझे तळपाय कुणी चोळले गं? मी विचारलं होतं एकदा. तू पाय साडीखाली ओढून घेतलेस नि म्हणालीस, "चल, मला गुदगुल्या होतात."

आणि ते गोळीचं प्रकरण!  डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, शुगरची गोळी रात्रीच्या जेवणाच्या वेळी, आठला. तू शहाणी, आठला गोळी घेतलीस बरोबर, माझ्याबरोबर, आणि जेवण ठेवलंस बाराला. मी अंगणात होते. आत येते तर तू स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी, अंगावरून घामाचे ओघळ, हात लटलट कापतायत, आणि मला म्हणतेस, "लाईट गेले का गं?" मी गुळाचा खडा तुझ्या तोंडात कोंबला, साखरेचं पाणी पाजलं. जरा सावरल्यावर मला वाटलं, आता तरी डोळे उघडले. तर तू निकाल काय दिलास? "ही गोळी मला सोसत नाय." आणि दुसऱ्या दिवसापासून गोळीच बाराला नेलीस. भावोजींना उशीर झाला तर गोळीला उशीर, त्यांनी ओव्हरटाइम केला तर गोळीची दांडी. पोटात घास घालायचा, हे तुझ्या डोक्यात आलंच नाही. आलं असेल, पण तो दरवाजा तू बंदच ठेवला होतास.

आपलं शेवटचं भांडणही त्यावरूनच झालं. मी म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून मीपण बाराला जेवणार, तुझ्यासोबत. बघू काय होतं ते." तुझा चेहरा खर्रकन उतरला. तीस वर्षं भांडून जे जमलं नव्हतं ते त्या धमकीनं जमलं. "नको गं बाय, तुझी शुगर," म्हणत माझे हात धरलेस. म्हणालीस, "बरं. ह्यांची सेकंड शिफ्ट संपू दे. पुढच्या आठवड्यापासून तुझ्यासंगट आठला बसते. देवाशपथ." मी म्हणाले, "शपथ घेतलीस हं." ती पाळी रविवारी संपली. रविवारी महेशला गोडाऊनला जादा काम निघालं, म्हणून शपथ सोमवारवर ढकललीस. सोमवारी पहाटेच गजर वाजत राहिला. ताई, एक दिवस गं. एक दिवस माझ्यासमोर बसून जेवली असतीस, तर मला निदान ते आठवायला झालं असतं. तुझं ताट माझ्या ताटाशेजारी, एवढंच.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, किती दिवस घोळवतेय.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुपारी भावोजी ओट्यावर बसले होते, मी चहा घेऊन गेले. हल्ली ते बोलतच नाहीत, चहा पुढे केला तर घेतात, नाहीतर तसाच निवतो. त्या दिवशी कप हातात घेऊन ते एकदम म्हणाले, "वैनी, मी जेवून यायचो."

मला कळेचना. "कुठून जेवून?"

"कँटीनात. नवीन ठेकेदार आला तवापास्नं चांगलं मिळतं. डाळ, भात, चपात्या, ताक. सगळे सात-साडेसातला जेवतात. एकटा कसा बसनार मी उपाशी?"

"अहो, मग घरी येऊन बाराला..."

"घरी तिनं ताट वाढल्यालं असायचं." त्यांनी कप खाली ठेवला. "ती उपाशी बसल्याली. मी जेवलो म्हनलं असतं, तर ती एकटी थोडीच जेवली असती? तशीच निजली असती. म्हनून जेवायचो परत. तिच्या पोटात चार घास जावेत म्हनून."

मी तिथंच पायरीवर बसले. लग्नाच्या सुरुवातीला कँटीनचं अन्न घशाखाली उतरत नाही असं ते म्हणायचे, ते तू धरून बसली होतीस, हे मला माहीत होतं. कँटीन बदललं, तुमचं बोलणं बदललं नाही. ते तुझ्यासाठी दोनदा जेवत होते आणि तू त्यांच्यासाठी उपाशी बसत होतीस. त्यांचं पोट सुटलं, त्यांनाही शुगर लागली, तू त्यांच्या गोळ्या न चुकता पुढे करायचीस. एका ताटात जेवणारी दोन माणसं, आणि दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही! मला त्यांचा असा संताप आला की हातातली बशी आपटावीशी वाटली. पण त्यांच्याकडे पाहिलं तर ते लहान मुलासारखे ओठ मुडपून रडत होते. मी खाली ठेवलेला कप परत त्यांच्यापुढे केला. "चहा घ्या," म्हणाले.

त्या दिवसापासून माझं डोकं त्याच एका ठिकाणी फिरतंय. तुला हे कळलं असतं तर? एखाद्या दिवशी भावोजी बोलून गेले असते, बसमधला कुणी सोबती बोलला असता, मीच कधी खोदून विचारलं असतं, तर तू आठला जेवली असतीस. गोळी वेळेवर गेली असती. दहाला पाठ टेकली असतीस. आज इथे असतीस, माझी नक्कल करत. हेच ते बोट ठेवायचं ठिकाण, असं मला वाटलं. वाईट वाटलं, पण काहीतरी हाताला लागल्यासारखंही वाटलं.

तेही परवा गेलं.

परवा आठ वाजता रेश्मानं हाक मारली, "काकी, जेवायला या." तुझी सून गुणाची आहे गं, तू उगाच तिच्या भाकरीला नावं ठेवायचीस. मी बसले. तिनं ताट पुढे ठेवलं, गरम भाकरी टाकली आणि समोर बसली. तुझ्याच जागी, तसेच गुडघे पोटाशी घेऊन. बाजूला दुसरं ताट वाढून झाकून ठेवलेलं.

"तू नाही जेवत?"

"हे आले की बसते. तुमी घ्या. तुमची शुगर हाय."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी म्हणाले, "माझ्या फोनवरून लाव महेशला. आत्ताच्या आत्ता लाव. स्पीकरवर टाक." ती घाबरली, वाटलं काय झालं आता. लावला. मी विचारलं, "महेश, खरं सांग रं. जेवलास का तिथं?"

पलीकडे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं.

"काकी, रेश्मा हाय का तिथं?"

"तू सांग."

"जेवलो. इथं धाब्यावर, पोरांबरोबर. रोजच खातो थोडं. पन तिला नका सांगू हां. ती बसली असेल थांबून, तिला वाईट वाटेल. मी घरी आल्यावर परत बसतो ना तिच्याबरोबर."

फोन बंद झाला. मी रेश्माकडे पाहिलं. म्हटलं, चला, हिला तरी कळलं. वेळेत कळलं. उघड्या कानांनी ऐकलं तिनं. आता झाकण काढेल, रागानं का होईना, दोन घास खाईल. मी हात पुढे करून तिचं झाकण काढायलाही लागले.

तिनं माझा हात हलकेच बाजूला केला. ताटावरचं ताट सरळ केलं, कडेला कड जुळवली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडीशी लाजल्यासारखी दिसली.

"असू द्या काकी," ती म्हणाली. "माझ्यासाठी परत बसतात ना."

ताई, तेव्हा मला कळलं. तुला ठाऊक होतं की नव्हतं, हा प्रश्नच नव्हता. ठाऊक असतं तरी तू थांबलीच असतीस. कदाचित ठाऊक होतंही. भावोजींच्या तोंडाला कँटीनच्या ताकाचा वास तुला आला नसेल, असं कसं म्हणू मी? तुझ्याशी भांडून मी जिंकले असते असा एकही दिवस नव्हता. डॉक्टरीणबाई, मी, शपथ, धमकी, कशाचाच काही उपयोग झाला नसता. आणि आता या पोरीशी कुठल्या तोंडानं भांडू? माझ्याकडे तुझ्याशी भांडलेलेच शब्द आहेत, आणि ते तेव्हाही चालले नव्हते.

"जेवा ना काकी, निवतंय," रेश्मा म्हणाली.

मी जेवले, ताई. आठलाच, तुझ्या हुकमाप्रमाणे. गोळीही घेतली. ती समोर बसून माझ्या ताटात भाकरी वाढत राहिली, उपाशी.